टँकमधला नवा रूममेट

आपल्या टीव्ही रूममधला फिश टँक तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मॅच हरायला लागली की निम्मी पब्लिक स्क्रीनवरून नजर काढून तिकडेच बघत बसते. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास त्या टँकमध्ये काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत, कारण ते आम्हीच होतो. त्या प्रकरणानंतर मी आणि आमच्या विंगमधल्या दोघांनी सिक्लिड नावाच्या माशांचा जरा नीट अभ्यास केला. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा केला असता तर केटी लागली नसती, पण ते जाऊ दे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.)

आधी टँकची ओळख. चार फूट लांब, पंधरा इंच रुंद, अठरा इंच उंच. काठोकाठ भरला तर 212 लिटर होतात. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी 170 लिटर धरा. पास आउट झालेल्या कुठल्या तरी बॅचने तो हॉस्टेलला दिला आणि तेव्हापासून रात्रपाळीचे वॉचमन मामाच त्याला सांभाळतात. फिल्टरचा स्पंज धुणं, काचेवरचं शेवाळ काढणं, रविवारी चार बादल्या पाणी बदलणं, सगळं मामाच. आम्ही फक्त बघायचो. त्यात सहा ब्लॅक विडो टेट्रा, सात मॉली, पाच कोरीडोरास आणि एक सकर असा संसार वर्षानुवर्षं सुखाने चालला होता. कोरीडोरास म्हणजे तळाशी वाळूत मिशा खुपसून फिरणारे ते छोटे ब्राँझ रंगाचे मासे. मामा त्यांना 'झाडूवाले' म्हणतात.

मग आमच्या डोक्यात आलं की टँक फार 'बोअर' आहे. प्रत्येकी वीस रुपये काढले आणि शहरातल्या एका दुकानातून दोन पट्टेदार पिल्लं आणली. दुकानदार काका म्हणाले, "झेब्रा आहेत, एकदम शांत, कशातही चालतात." दोन इंचाची पिल्लं होती, दिसायला गोड. मामांना विचारलंच नाही. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं म्हणे.

ते झेब्रा नव्हते. ते होते कॉन्व्हिक्ट सिक्लिड, मध्य अमेरिकेतले. अंगावर काळे उभे पट्टे, जुन्या सिनेमातल्या कैद्याच्या कपड्यासारखे, म्हणून कॉन्व्हिक्ट. दोन महिन्यांत त्यांची जोडी जमली. मातीच्या फुटक्या कुंडीमागे त्यांनी वाळू उकरून खड्डा केला, अंडी घातली, आणि त्या दिवसापासून चार फुटांच्या टँकमधले तीन फूट त्यांचे झाले. बाकी सगळे मासे उजव्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपखाली गर्दी करून उभे, लोकलमध्ये उभे राहतात तसे. खरं सांगू का, आम्हाला ते बघायला मजा येत होती. साठ-सत्तर पिल्लांचा ढग घेऊन आई-बाप फिरायचे, एखादं पिल्लू भरकटलं तर बाप त्याला तोंडात धरून परत आणून सोडायचा. टीव्ही बंद करून आम्ही ते बघायचो. कोरीडोरासकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

कोरीडोरासची अडचण अशी की त्याला 'ही दुसऱ्याची हद्द' हे कळत नाही. मॉलीला एकदा टक्कर बसली की ती लांब राहते. कोरीडोरास मार खातो, दोन मिनिटं थांबतो आणि परत वाळू हुंगत त्याच खड्ड्यापाशी जातो. सुट्टीवरून परत आलो तेव्हा पाचातले दोन मेले होते आणि तिसऱ्याचा एक डोळा गेला होता. मॉलींच्या शेपट्या फाटलेल्या. मामांनी मेलेले दोन गेटजवळच्या तगरीखाली पुरले होते. ते आम्हाला काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "दादा, आणायच्या आधी एकदा मला विचारायचं होतं."

म्हणून हा अभ्यास.

सिक्लिड हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. आतापर्यंत शास्त्रज्ञांनी नोंदलेल्या त्याच्या जाती 1,700 च्या वर आहेत. त्यांच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते. घास चावायचं काम ती करते, त्यामुळे तोंडाचा जबडा दुसऱ्या कामांना मोकळा राहतो. कोणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कोणी गोगलगाय फोडतो, कोणी दुसऱ्याचे खवले उपटून खातो. आपल्याकडेही हे कुळ अगदी परकं नाही. उजनीच्या बाजूला ताटात येते ती चिलापी म्हणजे तिलापिया, तीही सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची, भारतात आणली 1952 मध्ये, आणि आता आपल्या धरणांमध्ये घरच्यासारखी राहते. भारताचे स्वतःचे सिक्लिड फक्त तीन. त्यातला पर्लस्पॉट म्हणजे गोव्याच्या मित्रांचा काळुंदर आणि केरळचा करीमीन, ज्याला केरळने 2010 मध्ये राज्य-मासा म्हणून जाहीर केलं. थोडक्यात, 'सिक्लिड चालेल का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'शाकाहारी जेवण तिखट असतं का?' असं विचारल्यासारखं आहे ते. कोणता सिक्लिड, किती मोठा होणारा, कुठल्या पाण्यातला आणि कोणाच्या शेजारी, हे विचारायला हवं.

जवळपास सगळ्या सिक्लिडमध्ये एक गोष्ट मात्र सारखी असते. ते अंड्यांची आणि पिल्लांची काळजी घेतात. बाकीचे बरेच मासे अंडी टाकून निघून जातात, भेटली तर स्वतःचीच खातात. कोनराड लोरेन्झ या 1973 च्या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने त्याच्या 'किंग सॉलोमन्स रिंग' या पुस्तकात एका ज्वेल सिक्लिड बापाची हकीकत सांगितली आहे. बापाच्या तोंडात गांडुळाचा घास होता, तेवढ्यात भटकलेलं एक पिल्लू दिसलं. त्याने तेही तोंडात घेतलं. आता तोंडात एक गिळायची वस्तू आणि एक न गिळायची! मासा काही सेकंद हललाच नाही. मग त्याने दोन्ही थुंकून टाकलं, पिल्लावर नजर ठेवून आधी गांडूळ खाल्लं आणि नंतर पिल्लाला उचलून घरी नेलं. मला ही गोष्ट फार आवडते. पण मारामारीचं मूळही नेमकं हेच आहे. ज्याला पिल्लं सांभाळायची असतात त्याला जागा लागते, आणि जागा लागली की शेजारी नकोसा होतो. कॉन्व्हिक्ट दुष्ट नव्हते. आमच्या टँकमध्ये त्यांना हवी तेवढी जागा आणि बाकीच्यांना पळायला जागा, दोन्ही एकदम नव्हती.

आता निवड कशी करायची. आम्ही सुरुवात दुकानापासून न करता आपल्या टँकपासून केली, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फरक. जुने रहिवासी आहेत, त्यांच्या सवयी आहेत, पाणी ठरलेलं आहे. नवीन येणाऱ्याने त्यात बसायचं. हॉस्टेलमध्ये थर्ड इयरच्या तिघांच्या खोलीत कोणी चौथा आला तर कॉट कुठे लावायची हे तोच ठरवत नाही ना?

पहिलं पाणी. आपल्या हॉस्टेलला बोअरचं पाणी येतं हे आंघोळीला साबणाचा फेस न येण्यावरून सगळ्यांना कळलंच असेल. सिव्हिलच्या एका मित्राने एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये नमुना तपासला. तेच फर्स्ट इयरचं ईडीटीए टायट्रेशन. बफर टाका, इंडिकेटर टाका, वाइन रेड रंग निळा झाला की थांबा. प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी शेजारच्या बॅचचं रीडिंग छापलेलं असतं. या वेळी पहिल्यांदा मनापासून ब्युरेट धरली. हार्डनेस 280 मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला, पीएच 7.8. म्हणजे पाणी चांगलंच कडक आणि किंचित अल्कधर्मी. मॉलीला असं पाणी आवडतं, टेट्रा आणि कोरीडोरास फार्ममध्ये वाढलेले असल्याने त्यांनीही जुळवून घेतलंय.

या दोन आकड्यांमुळे एक सुंदर मासा यादीतून लगेच गेला. रॅम. व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला, जेमतेम दोन इंचाचा, निळ्या ठिपक्यांनी चमकणारा. याला पाणी हवं मऊ, आम्लाकडे झुकणारं, आणि गरम, 27 ते 30 अंश. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे टँक 20 वर येतो. हीटर लावून 29 वर ठेवला तर जुन्या माशांना सक्तीचा मे महिना. शिवाय दुकानात येणारे रॅम बऱ्याचदा नाजूक असतात, रंग खुलवण्यासाठी काही ठिकाणी हार्मोन दिलेले असतात, आणि थोड्याच दिवसांत मरतात. ज्यांच्या घरी मऊ पाणी आहे, टँक जुना मुरलेला आहे आणि सोबतीला उष्णता सोसणारे कार्डिनल टेट्रा आहेत त्यांनी जरूर ठेवावा. नुसत्या फोटोवर भाळून घेऊ नये. (नियॉन टेट्राला रॅमएवढी उष्णता मानवत नाही. दुकानात मात्र दोघे एकाच टँकमध्ये दाखवतात.)

उलट टोकाला आफ्रिकेच्या मलावी तलावातले मासे. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून पिवळे, निळे, केशरी मिळतात ते. यांना आपलं कडक पाणी अगदी घरचं वाटेल. म्हणून माझा रूममेट म्हणाला, "मग हेच घेऊ की, पाणी पण मॅच, कलर पण मॅच." पण पाणी मॅच होणं ही पहिली परीक्षा आहे, शेवटची नाही. यातले बरेचसे खडकांमध्ये राहणारे, शेवाळ खरवडणारे आणि दिवसभर एकमेकांना हुसकावणारे असतात. त्यांना पाळणारे लोक टँक दगडांनी भरतात आणि मुद्दाम जास्त संख्येने ठेवतात, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही. आपल्या मॉली आणि झाडूवाल्यांचं तिथे काय होईल ते सांगायला नको. मलावीचे मासे हवे असतील तर त्यांचा वेगळा टँक.

दुसरं माप. दुकानातला मासा हे पिल्लू असतं हे लक्षात ठेवा. ऑस्कर दोन इंचाचा असताना इतका गोंडस दिसतो की कुत्र्याच्या पिल्लासारखा उचलून घ्यावासा वाटतो. तो फुटभर वाढतो, आणि तोंडात मावेल ते सगळं अन्न समजतो. फ्लॉवरहॉर्नचंही तेच. मलेशियात 1990 च्या दशकात संकर करून बनवलेला हा कपाळावर टेंगूळ असलेला मासा लोक वास्तूसाठी घेतात. नशीब उघडतं की नाही ते माहीत नाही, पण त्याच्यासोबत टँकमध्ये असलेल्या इतर माशांचं नक्कीच उघडत नाही. त्यामुळे दुकानात 'हा केवढा आहे?' विचारू नका. 'हा केवढा होतो?' विचारा, आणि घरी येऊन दुसरीकडेही तपासा. आणखी एक सोपा नियम, जो मासा शेजाऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या तिथे जातो.

याच नियमावर एंजल फिशची चर्चा झाली, आणि ती आमच्यात दोन रात्री चालली. एंजल हासुद्धा सिक्लिड आहे हे मलाही माहीत नव्हतं. शांत, उभट, राजघराण्यातला वाटणारा. फार्ममध्ये वाढलेले एंजल कडक पाण्यात राहतात. मॉली मोठ्या असल्याने खाल्ल्या जाणार नाहीत. अठरा इंच उंचीचा टँक त्याला चालतो, कारण पंखांसकट त्याची उंची सात-आठ इंच होते. मग नको का? तर आपल्या ब्लॅक विडो टेट्रामुळे. या टेट्रांना लांब, लोंबते पंख दिसले की कुरतडायची खोड असते, आणि एंजल म्हणजे चालतंबोलतं लोंबतं पंख. म्हणजे इथे सिक्लिड गुंड नाही, बिचारा सिक्लिडच रॅगिंगचा बळी झाला असता. मला ही गोष्ट फार शिकवून गेली, कारण आतापर्यंत आम्ही फक्त 'नवा मासा जुन्यांना मारेल का' एवढंच बघत होतो. जुने नव्याला छळतील का, हे पण बघायला हवं. नियॉनवाल्यांसाठी मात्र उलटा इशारा. एंजल लहानपणी नियॉनसोबत छान राहतो, मोठा झाला की एकेक नियॉन 'गायब' व्हायला लागतो, आणि घरातले मांजरावर संशय घेतात.

तिसरं जमीन. टँक किती लिटरचा हे सगळे सांगतात, पण तळाशी हद्द आखणाऱ्या सिक्लिडला लिटरशी देणंघेणं नाही, त्याला क्षेत्रफळ हवं. आपल्या टँकचा तळ 48 गुणिले 15 इंच, म्हणजे पाच चौरस फूट. त्यात तीन कोरीडोरास आणि एक सकर आधीच भाडेकरू. पिल्लं असलेली छोट्या सिक्लिडची जोडीसुद्धा दीड-दोन फुटांचा पट्टा सहज ताब्यात घेते. उरलेल्या पाण्यात वर कितीही जागा असली तरी तळावरच्यांना ती काय कामाची?

आता उरले दोन उमेदवार. एक बोलिव्हियन रॅम, मघाच्या रॅमचा चुलतभाऊ. रंग साधा, पण तीन इंचाचा, तब्येतीने दणकट, आणि 23-24 अंशालाही खूश. मला हा मनापासून आवडला होता. पण आम्ही फिरलो त्या एकाही दुकानात तो मिळाला नाही. दुसरा क्रिबेन्सिस.

क्रिबेन्सिस नायजेरिया आणि कॅमेरूनचा. नर चार इंचापर्यंत, मादी तीन. गंमत म्हणजे यात मादी जास्त देखणी. तिच्या पोटावर पिकलेल्या चेरीसारखा लाल डाग असतो आणि लग्नाची मागणीही बहुतेक वेळा तीच घालते, अंगाचा धनुष्यासारखा बाक करून नरासमोर थरथरते. अंडी गुहेत घालतो, म्हणून नारळाची करवंटी उलटी ठेवली तरी त्याचा बंगला होतो. पिल्लांचं नर-मादी प्रमाण पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं, हे वाचून आमच्या केमिकलवाल्या मित्राने ताबडतोब प्रोजेक्टचा टॉपिक सुचवला. फार्मचे क्रिबेन्सिस मध्यम कडक पाणी चालवून घेतात, 24 ते 26 अंश पुरतात, मॉली आणि टेट्रांच्या वाटेला जात नाहीत.

सगळे म्हणाले, झालं, जोडी घेऊ! मी पण त्यातच होतो. पण जोडी म्हणजे अंडी, अंडी म्हणजे हद्द, आणि हद्द म्हणजे परत झाडूवाल्यांचे डोळे. क्रिबेन्सिस कॉन्व्हिक्टपेक्षा पुष्कळ सौम्य असतो हे खरं, पण पिल्लं असताना तोही तळावरच्यांना सोडत नाही. या वेळी आम्ही मामांना विचारलं. फोटो दाखवले, सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एकटी राहत नाही का ती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. राहते की! क्रिबेन्सिस काही टेट्रासारखा थव्यात राहणारा मासा नाही. एकटी मादी रंग दाखवते, करवंटीत घर करते, टँकभर फिरते आणि पिल्लं नसल्यामुळे फार भांडत नाही. बाजूला टेट्रा आणि मॉली मोकळे फिरत असले की अशा बुजऱ्या सिक्लिडला धीरही येतो. हे बिनधास्त आहेत म्हणजे आसपास शत्रू नाही, असा तो हिशेब करतो. हे इतकं साधं उत्तर आम्हा तीन भावी इंजिनिअरांना सुचलं नव्हतं. पिल्लांचा तो सोहळा परत बघायला मिळणार नाही याची चुटपुट आहे. ती राहील. ज्यांना तो बघायचाच आहे त्यांनी जोडीसाठी दोन-अडीच फुटांचा वेगळा टँक करावा, तिथे कोणाचं नुकसान नाही.

आता आणल्यावर काय करायचं. चालू टँक म्हणजे फक्त काच आणि पाणी नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. हे जिवाणू जेवढे मासे तेवढेच असतात. एकदम पाच-सहा मासे टाकले तर प्लांट ओव्हरलोड होतो, आणि आपला पीएच जास्त असल्याने अमोनियाचा विषारी भागही जास्त. म्हणून एका वेळी एक-दोनच मासे. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकाच पिळायचा. टँकरचं किंवा कॉर्पोरेशनचं पाणी आलं असेल तर आधी अँटी-क्लोरीन.

मासा घेताना दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. पंख मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, कोपऱ्यात धापा टाकणं, यातलं काही दिसलं तर परत फिरावं. दुकानदाराला 'खाताना दाखवा' म्हणावं. त्याच टँकमध्ये एखादा मेलेला मासा तरंगत असेल तर बाकीचे कितीही छान दिसोत, नको. आम्ही तिसऱ्या दुकानात घेतली.

घरी आणून थेट टँकमध्ये सोडायचं नाही, दोन आठवडे वेगळं ठेवायचं. यासाठी आम्ही एक छोटा स्पंज फिल्टर महिनाभर आधीच मोठ्या टँकमध्ये चालू ठेवला होता, म्हणजे त्यात जिवाणू तयार झाले. मग तो आमच्या खोलीतल्या चाळीस लिटरच्या टबमध्ये बसवला. वर जाळी, कारण मासे उडी मारतात. रूममेटच्या कपड्यांचा टब गेल्याने तो सध्या बादलीत कपडे भिजवतोय, त्याचे आभार इथेच मानतो.

आणि ज्या दिवशी मोठ्या टँकमध्ये सोडायचं त्या दिवशी दगड, कुंडी, झाडं यांची जागा बदलायची. माशांमध्ये आधीपासून राहणारा भांडणात वरचढ ठरतो. सगळ्या खुणा बदलल्या की सगळेच नवीन होतात. लाइट बंद करून, आधी जुन्यांना थोडं खायला घालून, मग सोडायचं. करवंटी डाव्या टोकाला आणि कोरीडोरासला खायला घालायची जागा उजव्या टोकाला, मध्ये झाडांची आणि दगडांची आडभिंत. एकमेकांना सतत दिसत नसलं की बरीच भांडणं सुरूच होत नाहीत. (विंगमधल्या काही जोड्यांबद्दलही हे खरं आहे, नावं घेत नाही.) आणि एवढं करूनही जमलं नाही तर? तर मासा परत काढायची तयारी आधीच हवी. आमचा टब म्हणूनच अजून महिनाभर लावलेला राहणार आहे.

जुन्या कॉन्व्हिक्टांचं काय झालं असं काहींनी विचारलं. एकाने कॅम्पसच्या विहिरीत सोडायचं सुचवलं होतं. ते अजिबात करू नका. परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडणं म्हणजे काय होऊ शकतं हे चिलापीने सगळीकडे दाखवलंय. मेकॅनिकलच्या एका सरांकडे घरी रिकामा टँक होता, त्यांनी ती जोडी पिल्लांसकट नेली. सर परवा कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा म्हणाले की आता पिल्लांची पिल्लं झाली आहेत आणि कोणाला हवी असतील तर कळवा. कृपया घेऊ नका. म्हणजे घ्या, पण वेगळा टँक असेल तरच. स्टाफ क्वार्टर्समधल्या वाचकांनाही हीच विनंती.

आमची मादी आज टबमध्ये अकराव्या दिवसावर आहे. पहिले दोन दिवस तिने तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी मेसमधल्या उकडलेल्या मटाराचा दाणा साल काढून दिला तो खाल्ला. मेसच्या मावशींना वाटलं आम्ही उपवास धरलाय. पोटाचा लाल रंग आता बऱ्यापैकी आलाय. रविवारी रात्री दहानंतर, मामांची ड्यूटी सुरू झाली की, टीव्ही रूमचे दिवे बंद करून तिला सोडणार आहोत. त्या वेळी कृपया मॅच लावू नये, आणि काचेवर टकटक तर मुळीच करू नये. सुट्टीत कोण कधी खायला घालणार याचा तक्ता नोटीस बोर्डवर लावलाय, त्यात 27 तारखेपासूनचे चार दिवस अजून रिकामे आहेत. ज्यांना घरी जायचं नाही त्यांनी नाव लिहावं. खाणं चिमूटभर, दिवसातून एकदाच. एका डोळ्याच्या झाडूवाल्याला मात्र मामा वेगळं घालतात, उजव्या कोपऱ्यात, त्याच्या डोळस बाजूने. ते त्यांनाच करू द्या.